शहर गावाला जाण्यापूर्वी : नंदाखालच्या सहलीचा पूर्वेतिहास

या हिवाळ्यात दोन दिवस मुंबईबाहेर कुठेतरी हिरवळीत काढावेत, असा ठराव आमच्या प्राध्यापक-कक्षात एकमताने संमत झाला, आणि मराठी विभागातील ठरावांचे जे होते तेच त्याचेही झाले. एकमत ठरावापुरतेच टिकले. कोणी माथेरान म्हणाले, कोणी अलिबाग. अखेर विरारच्या पश्चिमेस असलेल्या नंदाखालवर सर्वांची गाडी थांबली. चर्चगेटहून विरार साठ किलोमीटर, पुढे आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला जाणारी बस किंवा रिक्षा. घाट नाही, आरक्षण नाही. शिवाय आमच्या एक सहकारी बाई त्याच परिसरातल्या. 'रोजच्या रहाटगाडग्यातून दोन दिवस सुटका' असे शीर्षक देऊन आम्ही एक तक्ता तयार केला. वेळ, वाहन, जेवण, पाहण्यासारखे असे त्याचे चार रकाने. चौथ्या रकान्यात अर्नाळ्याचा किल्ला, निर्मळचे देऊळ आणि भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन केलेला नालासोपाऱ्याचा स्तूप अशी भरगच्च नोंद होती.

बाईंनी तक्ता शांतपणे वाचला आणि एकच दुरुस्ती सुचवली. "सर, रविवारी सकाळी येऊ नका. आई मिस्साला गेलेली असेल. तुम्हाला पाणी द्यायलाही घरी कोणी नसेल."

दुरुस्ती किरकोळ होती, परंतु ती ऐकून आम्ही सगळेच किंचित ओशाळलो. रविवारची सकाळ आमच्या तक्त्यात मोकळी होती, कारण ती आम्हांला मोकळी होती. ज्यांच्या अंगणात जायचे त्यांचाही काही रविवार असेल, हे चार रकान्यांपैकी एकातही बसले नव्हते. प्रस्तुत लेख त्या न आखलेल्या पाचव्या रकान्याविषयी आहे.

सहलीच्या बेताची गंमत मराठी वाचकाला नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील 'भ्रमणमंडळ' आपण वर्गात शिकवतो, तेव्हा प्रवासापेक्षा प्रवासाच्या बेताचाच विस्तार कसा होतो हे पाहून विद्यार्थी पोट धरून हसतात. ते हसू निखळ आहे. मात्र आपल्या साहित्यातील प्रवासाची जुनी कारणे आठवली, तर हा असा बेत किती अलीकडचा आहे ते ध्यानात येते. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीचा सामान्य माणूस घर सोडी ते पोटासाठी किंवा पुण्यासाठी. वनभोजन होते, कार्तिकातले आवळीभोजन होते; पण ते गावाच्या शिवेवरचे, संध्याकाळी घरी परतण्याचे. केवळ मोकळा श्वास घेण्यासाठी तिकीट काढून दुसऱ्याच्या गावी जाणे, ही कल्पना महानगर जन्माला आल्याशिवाय संभवत नाही. आधी मुंबई व्हावी लागली, मग मुंबईपासून सुटका सुचली.

आणि इतिहासाची थट्टा अशी, की एके काळी या प्रवासाची दिशा अगदी उलटी होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनले. तटबंदी, चर्चे, मठ, सरदारांचे वाडे यांनी गजबजलेले ते शहर. मुंबई हे त्या वसईच्या अखत्यारीतले एक बेट. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला १५५४ च्या सुमारास हे बेट पट्ट्याने मिळाले. तो राहत असे गोव्यात. मुंबईत त्याचे घर होते आणि बाग होती. औषधी वनस्पतींविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात मुंबईहून आलेल्या आंब्यांची गोष्ट आहे. म्हणजे सोळाव्या शतकातील धनिकाला बागेचे सुख हवे असे तेव्हा ते मुंबईत होते आणि शहराची गजबज वसईत होती. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची. मुंबई इंग्रजांना देण्याचा विवाहकरार झाला १६६१ साली. नंदाखालची घंटा वाजू लागली त्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी इंग्रजी मुंबईचा नुसता करार झाला, ही गोष्ट 'मुंबईजवळचे एक खेडे' अशी नंदाखालची ओळख करून देणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चर्चपूर्वीही गावे होतीच. उत्तर कोकणातील जुन्या वसाहतींचा वृत्तान्त सांगणारी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिचा जुना भाग पंधराव्या शतकातला, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या आधीचा आहे. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातले वैभव ओसरले, तटावर झाडे उगवली. परंतु किल्ल्याबाहेरच्या वाड्यांतला माणूस तिथेच राहिला. धर्माने काही ख्रिस्ती, काही हिंदू. बोली मात्र मातीची. नंदाखालच्या आसपास सामवेदी ख्रिस्ती समाज, म्हणजे कुपारी, आजही घरात आपली कादोडी बोलतो. आपल्या भाषाविज्ञानाच्या तासाला बोलींची यादी सांगताना ती बहुधा 'इत्यादी'मध्ये जाते.

आता मुंबई मोठी झाली, आणि नंदाखाल व मुंबई यांना जोडणारा रूळ आला. या रुळाच्या इतिहासात सहलीला निघणाऱ्याने थांबून पाहावे असे एक वळण आहे. एप्रिल १८६७ मध्ये विरार आणि मुंबईचे बॅकबे स्थानक यांच्यामध्ये पहिली स्थानिक गाडी सुरू झाली. ती सकाळी पावणेसातच्या सुमारास विरारहून निघे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुंबईहून परते. वेळापत्रकातली ही दोन वाक्ये एखाद्या काव्यपंक्तीइतक्याच लक्षपूर्वक वाचावीत. ती गाडी मुंबईकराला विरारची हवा खायला नेण्यासाठी आखलेली नव्हती. सकाळी निघून संध्याकाळी परतणारी ती गाडी विरारकडच्या माणसाच्या सोयीची होती. त्याने मुंबईत जावे, काम उरकावे, घरी यावे. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि अंतर आणखी आटले. पण दिशा तीच राहिली. वसईची केळी, विड्याची पाने, भाजी, दूध आणि फुले पहाटेच्या गाड्यांनी मुंबईला जात राहिली. शहर सहलीला म्हणून गावी येऊ लागले त्याच्या कितीतरी आधीपासून गाव रोज शहराला जात होते, आणि रिकाम्या हाताने जात नव्हते.

गाडी आली, तरी सहलीला आणखी एक वस्तू लागते : सुट्टी. कचेऱ्यांना आणि शाळांना रविवार होता. गिरणीत राबणाऱ्याला तो नव्हता. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीला जागा मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही दाखला या मागणीच्या समर्थनार्थ दिला गेल्याचे सांगतात. एकाच वाराचे हे निरनिराळे अर्थ पाहण्यासारखे आहेत. लालबाग-परळच्या कामगाराचा तो देवाचा आणि विश्रांतीचा वार. नंदाखालच्या बाईंच्या आईचा तो मिस्साचा वार. आमच्या तक्त्यात तो मोकळा रकाना. लोखंड्यांनी सहा वर्षे झगडून जो दिवस मिळवला, तो आपण पंचांगात आपोआप उगवतो असे धरून चालतो. या एका दिवसाला दुसरा जोडून मिळायला तर फारच काळ गेला. केंद्र सरकारचा पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला आणि महाराष्ट्र शासनाचा फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस. 'दोन दिवस हिरवळीत' हा बेत नोकरदार मराठी माणसाला इतका सहज सुचू लागला, तो एवढ्या अलीकडे.

ज्या १८९० साली गिरणगावाला रविवार मिळाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बालकवींचा जन्म झाला. योगायोगावर सिद्धान्त उभारू नयेत, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. तो नियम आम्हांलाही लागू आहे. परंतु निसर्गाकडे पाहण्याची जी नजर आपण पाठ्यपुस्तकांतून घडवली, ती प्रामुख्याने बालकवींच्या निर्झरांची आणि फुलांची आहे. त्या हिरवळीत नांगर नसतो, नांगरणारा नसतो. आणि त्या कवितेच्या प्रकृतीला तो नसणे शोभतेही. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत मात्र विहिरीवर मोट चालते, शेतात माणूस असतो, त्याच्या अंगाला घाम असतो. दोन्ही कविता आपल्याच. पण सहलीला जाताना आपण पहिलीच सोबत नेतो, आणि दुसरीच्या गावात उतरतो.

नंदाखालची हिरवळ ही दुसऱ्या जातीची आहे. ती आपोआप उगवलेली नाही. इथे समुद्र जवळ, जमीन रेताड, आणि तरीही वाडीतले पाणी गोडे. हे कसे घडते, ते एकदा समजून घ्यायला हवे. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके. ते रेतीत झिरपून खाऱ्या पाण्यावर सायीसारखे पसरून राहते. ती साय जपून काढली तर वर्षभर पुरते. हावरेपणाने उपसली तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर नासते. या भागातल्या शेतकऱ्याने या ज्ञानावर एक जलाशय उभा केला, त्याचे नाव बावखल. वाडीच्या मध्ये खणलेले पसरट तळे; पावसाळ्यात ते भरते, भोवतालच्या विहिरींना पाझर देते, पुराचे पाणी सामावून घेते आणि उन्हाळ्यात केळीला, पानवेलीला, भाजीला पाजते. त्याच्या काठी रहाट असे. रहाटाला गाडग्यांची माळ, ती फिरवायला जनावर. भरलेले गाडगे वर येई, पन्हळीत रिते होई, पुन्हा खाली जाई. पुढे इंजिने आली, पंप आले आणि रहाट थांबले.

आमच्या तक्त्याचे शीर्षक इथे आम्हांला आठवले. 'रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका' असे आम्ही लिहिले होते. आपण मराठीचे अध्यापक हा शब्द कंटाळवाण्या दिनक्रमासाठी वापरतो, आणि त्याखाली पाणी वाहत होते हे विसरून गेलो आहोत. ज्या रहाटगाडग्यातून सुटून आम्ही नंदाखालला निघालो होतो, त्या रहाटगाडग्यानेच नंदाखाल हिरवे केले होते.

याच ओघात एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही वसई परिसरातल्याच एका किनाऱ्यालगतच्या वाडीत वर्गसहल नेली होती. मुले आनंदात होती. विहिरीच्या काठावर अंताक्षरी रंगली, पंप सुरू करून पाण्याखाली नाचणे झाले, आणि परतताना मुलींच्या केसांत, मुलांच्या खिशांत सोनचाफ्याच्या कळ्या होत्या. वाडीच्या मालकांनी आम्हांला काही म्हटले नाही. त्यांनी फक्त झाडाखाली उभे राहून वर पाहिले आणि उरलेल्या कळ्या मोजल्या. त्या कळ्या पहाटे खुडून, मोजून, गाडीने दादरच्या बाजारात जायच्या होत्या, हे आम्हांला निघताना कळले. आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही निसर्गकविता शिकवली असणार. त्या कळ्यांचा विषय मात्र वर्गात आजवर कधी काढला नाही.

पंपाच्या त्या पाण्याखाली नाचताना जे आम्ही विसरलो, ते शहराने मोठ्या प्रमाणावर विसरायचे ठरवले तर काय होते, याचाही इतिहास याच परिसरात घडला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला. १९९० साली सिडकोची या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. रुळांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्या नळांना पुरेसे पाणी नव्हते. तेव्हा गावांतल्या विहिरींवर टँकर उभे राहू लागले. वर्षानुवर्षे जपून काढलेली ती साय तासाभरात उपसली जाऊ लागली. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आपण त्यांना ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. ते संमेलन जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला भरले होते. 'सुवार्ता' मासिकाचे १९८३ ते २००७ या काळातले संपादक म्हणून, 'ओअॅसिसच्या शोधात' या प्रवासग्रंथाचे लेखक म्हणूनही ओळखतो. ते मूळचे नंदाखालचे. जन्म १९४२ चा. त्यांच्या लेखनातील पर्यावरणविचार शिकवताना आपण तो पुष्कळदा सर्वसामान्य मानवतावादात विरघळवून टाकतो. वस्तुतः त्या विचाराला एका गावच्या विहिरींचा ठाव होता. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी साहित्यिक आणि पर्यावरण-कार्यकर्ता या दोन उपाध्या वेगवेगळ्या लिहिल्या. नंदाखालच्या वाटेवरून चालणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पुढची हकीकत अलीकडची आहे. जुलै २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. आपले गाव शहरात घालू नका, अशी अनेक गावांनी मागणी केली. २९ गावे वगळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे शासन आणि न्यायालय यांच्यामध्ये फिरत राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसाने वसई-विरार पाण्याखाली गेले आणि रेल्वे बंद पडली. पाणी जिरायच्या जागी भराव पडला की पाणी रस्त्यावर येते; कितीएक बावखले तोवर बुजली होती. आणि या सगळ्या काळात इमारतींच्या जाहिराती एकच आश्वासन देत होत्या : निसर्गाच्या सान्निध्यात घर. दोन दिवसांची सहल ज्याला पुरत नाही तो सुट्टीचे घर घेतो. सुट्टीची घरे पुरेशी झाली की त्यांना टँकर लागतो. आमच्यासारखे निरुपद्रवी सहलकरी आणि तो टँकर यांत फार मोठे अंतर आहे, असे आम्हांला वाटत होते. आता तेवढे वाटत नाही.

मग जाऊच नये काय? हा प्रश्न आम्ही बाईंना विचारला. त्यांना तो अनाठायी वाटला. "पाहुणे नकोत असं कोण म्हणतंय? विचारून या, एवढंच." यजमानांनीच इतक्या थोडक्यात निकाल दिल्यावर आमच्या पापभीरूपणाला फारसे काम उरले नाही. आम्ही पुन्हा तक्ता घेऊन बसलो.

नव्या तक्त्यात पाच रकाने आहेत. पाचव्याचे नाव 'गावाचा दिवस'. बावीस माणसांचा बेत नऊंवर आला, कारण बाईंच्या घरच्या विहिरीला आणि त्यांच्या आईला नऊ झेपतील असे ठरले. जायचे शनिवारी दुपारी. शनिवारची संध्याकाळ बावखलाच्या काठी. एखादे बुजलेले, एखादे तरुणांनी गाळ काढून पुन्हा जिवंत केलेले, दोन्ही पाहायची. रविवारी सकाळी आम्ही घरात कोणाच्या पायांत येणार नाही. ज्यांना इच्छा आहे ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मराठीतली उपासना ऐकतील, बाकीचे आगाशीपर्यंत चालत जातील. आगाशीच्या सुकेळ्यांची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात आहे. राजेळी केळी उन्हात वाळवून ती करतात. मिळाली तर विकत घ्यायची. फुलांना हात लावायचा नाही. किल्ला आणि स्तूप पुढच्या खेपेला.

एक रकाना राहिला होता, परतीचा. आम्ही तिथे 'रविवार, संध्याकाळ' असे लिहिले होते, जसे मुंबईचे सगळे सहलकरी लिहितात. बाईंनी ते खोडले. रविवारची रात्र राहा, म्हणाल्या. सोमवारी पहाटे त्यांचे काका भाजी आणि फुले घेऊन दादरला निघतात, त्यांच्याबरोबर विरारहून गाडी पकडा. पाट्या उचलायला माणसे मिळाली तर काकांना हवीच आहेत. दादरला पाट्या उतरवून देऊन पुढे महाविद्यालयात पहिल्या तासाला पोहोचता येईल. १८६७ च्या त्या पहिल्या गाडीचा प्रवास असाच सकाळी, विरारकडून मुंबईकडे होता.

"चारला उठावं लागेल, सर," एवढे बोलून त्यांनी रकान्यात वेळ लिहिली आणि तक्ता आमच्या हाती परत दिला.